झेडपीच्या शाळेत नवीन लागलात? पहिली ते चौथीच्या वर्गाला शिस्त कशी लावायची, स्टेप बाय स्टेप

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नंबर लागला, शाळा मिळाली, अभिनंदन. डीएडला पाठ टाचण कसं काढायचं ते घोटून घेतलेलं असतं पण वर्गातली निम्मी पोरं एकदम उठून "सर पाणी, सर पाणी" करायला लागली तर काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि शाळेवरचे जुने गुरुजी विचारलं तर हसून म्हणतात, "येईल हळूहळू." येतं हळूहळू, पण तोवर घसा बसतो. म्हणून हे लिहितोय. फक्त पहिली ते चौथीबद्दल, मोठ्या वर्गांचं वेगळं असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर आहे. लहान पोरं तुम्ही शिकवत असताना फारसा दंगा करत नाहीत, दंगा होतो तो मधल्या वेळात. परिपाठ संपवून वर्गात येताना, वह्या काढताना, तुम्ही मोबाईलवर कसलीतरी अर्जंट माहिती भरत असताना (ही माहिती रोजच अर्जंट असते), खिचडीच्या रांगेत, नळावर, शाळा सुटताना दप्तर भरताना. तेवढ्या मधल्या वेळा बांधून घेतल्या की निम्म्याहून जास्त तक्रारी येतच नाहीत. उरलेल्यांसाठी पुढच्या स्टेप्स.

हाताशी काय काय पाहिजे:
- वर्गाची हजेरी आणि प्रत्येक पालकाचा चालू असलेला मोबाईल नंबर (जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या दाखल-खारीज वहीत, किंवा सरकारी पोर्टलला असलेला नंबर बऱ्याचदा बंद असतो, स्वतः फोन लावून बघा)
- वर्णनात्मक नोंदवही (प्रत्येक पोराबद्दल शब्दांत नोंदी लिहायची)
- पालकभेटीची वही, नसेल तर दोनशे पानी वही घ्या आणि रेघा मारा
- शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची यादी
- प्रथमोपचार पेटी, आतलं आयोडीन सुकलंय का ते बघून
- कार्डशीट, स्केचपेन, खडू, एक छोटी घंटा किंवा खंजिरी
- दोन बादल्या, चार-पाच मग, एक चेंडू, एक दोरी

छडी यादीत नाही. का ते लगेच सांगतो.

१. आधी कायदा वाचून घ्या

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १७ म्हणतं की कुठल्याही मुलाला शारीरिक शिक्षा द्यायची नाही आणि मानसिक त्रास द्यायचा नाही, आणि दिला तर सेवानियमांप्रमाणे कारवाई. नवीन माणूस शारीरिक शिक्षेपाशीच थांबतो, मानसिक त्रासाचं त्याच्या लक्षात येत नाही. "तुझ्या डोक्यात काय शेण भरलंय", "तुमच्या घरचे सगळे असलेच", जातीवरून, रंगावरून, बापाच्या दारूवरून टोमणा, हे सगळं त्यात येतं. याशिवाय बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ आहे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा छळलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. तुम्ही शिक्षणसेवक असाल तर तीन वर्षं तशीही मानधनावर काढायची आहेत, त्यात ही भानगड नको.

दुसरं कलम १६. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन त्याच वर्गात ठेवायची सोय आली, पण काढून टाकायची आली नाही. त्यामुळे "उद्यापासून येऊ नको, दाखला देतो तुझा" ही धमकी पोकळ आहे आणि तिसरीतल्या पोरालाही चार वेळा ऐकल्यावर ते कळतं.

२. पोरं यायच्या आधी शाळेतून एक चक्कर मारा

शाळा १५ जूनच्या आसपास उघडते, विदर्भात ऊन बघून जरा उशिरा. त्याआधी एक दिवस जा आणि पोरांच्या उंचीने शाळा बघा. पाण्याची टाकी कुठे, नळ किती चालू, मुलींच्या मुतारीला कडी आहे का, चपला कुठे काढतात, वर्गाचं दार आत उघडतं की बाहेर, खिचडी शिजते तिथून व्हरांड्यापर्यंत गरम पातेलं कुठल्या वाटेने येतं.

मग कागदावर लिहा की गर्दी कुठे होणार. एकच नळ चालू आणि पोरं साठ, तर भांडण नळावरच होणार, त्यात कुणाच्या संस्काराचा काही संबंध नाही. तिथे दोन बादल्या भरून मग ठेवले की भांडण संपलं. मुलींच्या मुतारीला कडी नसेल तर चौथीतल्या पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारनंतर चिडचिड करतात, आपण म्हणतो लक्ष नाही. कडी बसवायला फार खर्च येत नाही, मुख्याध्यापकांना सांगा, शाळा अनुदानातून होतं.

३. नियम पाचच, आणि पोरांच्या तोंडचे

भिंतीवर सुविचारासारखे वीस नियम रंगवलेले असतात ते कुणी वाचत नाही, पहिलीवाल्याला तर वाचताच येत नाही. पहिल्या आठवड्यात गोलात बसवा आणि विचारा, वर्गात काय झालं की तुम्हाला आवडत नाही? पोरं धडाधड सांगतात. पेन्सिल चोरली, चिडवलं, ढकललं, आईवरून शिवी दिली, बाईंना खोटं सांगितलं. त्यातूनच पाच वाक्यं काढा, पोरं बोलतात तशीच:

- विचारल्याशिवाय कुणाची वस्तू घ्यायची नाही
- हात-पाय आपल्यापाशी
- एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात
- नावाने हाक मारायची, चिडवायच्या नावाने नाही
- बाहेर जाताना सांगून जायचं

प्रत्येकाशेजारी पोरांकडूनच चित्र काढून घ्या. पोरांच्या घरी पावरी, कोरकू, गोंडी, गोरमाटी असं काही बोलत असतील तर ही वाक्यं त्या बोलीत पण म्हणून घ्या, मोठ्या वर्गातलं पोरगं मदत करतं. प्रमाण मराठीतली सूचना न कळल्यामुळे गप्प बसलेलं पोर आपल्याला उद्धट वाटतं, इथे फार जण फसतात.

४. सांगू नका, सराव घ्या

पहिले दहा-पंधरा दिवस शिकवणं थोडं मागे पडलं तरी चालेल. मनावर घेऊन एवढंच करा की रोजच्या हालचालींचा सराव घ्या, कवायतीसारखा पण हसत. वर्गात यायचं कसं, चपला जोडीने ठेवायच्या कशा, बसायच्या बस्कर पट्ट्या कुणी टाकायच्या, वही काढायला किती वेळ (मी खंजिरी वाजवतो, थांबली की वही मांडीवर), लघवीला जाताना काय करायचं.

लघवीचं जरा सविस्तर सांगतो कारण एक उठला की सात उठतात. दाराजवळ खिळ्याला दोन लाकडी पाट्या अडकवा, एक मुलांची एक मुलींची. पाटी असेल तर घेऊन जायचं, नसेल तर थांबायचं, विचारायला यायचं नाही. पहिलीवाल्यांना मात्र थांबवायचं नाही, ती पोरं "सर जाऊ?" म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि चड्डीत झालीच तर एक जादा चड्डी कपाटात ठेवा, बाकीच्यांना हसू देऊ नका, त्या पोराचं वर्षभराचं शाळेत येणं त्या पाच मिनिटांवर ठरतं.

गप्प बसवायला ओरडायचं नाही हा पण सरावाचाच भाग. तुम्ही हात वर केला की त्यांनी हात वर करून गप्प व्हायचं, किंवा टाळ्यांचा ठेका, तुम्ही वाजवला की त्यांनी परत वाजवायचा. एकच खूण ठरवा आणि शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी तीच वापरा. तुमच्या वर्गात टाळ्या, शेजारच्या मॅडमच्या वर्गात पट्टी टेबलावर आपटणं, असं झालं की पोरं पट्टीलाच मानतात.

५. खिचडीची रांग

याला वेगळी स्टेप दिलीय कारण शाळेतली सर्वात मोठी गर्दी हीच, वर गरम भांडं, वर भूक. बरीच पोरं सकाळी नुसता चहा पिऊन येतात हे डोक्यात ठेवा. साडेबारानंतर जो दंगा वाढतो तो पुष्कळदा पोटातला असतो.

क्रम असा लावा. आधी हात धुणं, वर्गावर वर्ग, पहिली सगळ्यात आधी. मग ताट घेऊन व्हरांड्यात समोरासमोर दोन ओळींत बसायचं. मग वाढणारे फिरतात, पोरं उठत नाहीत. पोरांनी पातेल्यापाशी रांग लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं, भाजण्याची भीती नाही आणि पुढे घुसणं नाही. पातेलं उचलायचं काम स्वयंपाकी ताईंचं किंवा आपलं, चौथीतल्या पोरांचं नाही, कितीही दणकट असली तरी. चव आधी शिक्षकाने घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहायचं, हे नियमाने आहेच.

तीन गोष्टी अजिबात होऊ देऊ नका. एक, शिक्षा म्हणून खिचडी बंद. हे जेवण अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे मुलाचा हक्क आहे, पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी असं ठरलेलं, ते आपण गृहपाठाशी जोडू शकत नाही. दोन, पोरं आपापल्या वस्तीप्रमाणे वेगळी बसायला लागली की लगेच हजेरी नंबरने बसवा, गाजावाजा न करता. गावात कुणी विचारलं तर हजेरी नंबरच सांगा, त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. तीन, शिक्षकांनी ऑफिसात दार लावून डबा खाणं. एक जण तरी पोरांच्या ओळीत बसून जेवला पाहिजे, आळीपाळीने. तुम्ही तिथे बसलात की निम्मी भांडणं होत नाहीत, त्यासाठी काही बोलावंही लागत नाही.

६. एक खोली दोन वर्ग

शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे द्विशिक्षकी शाळेत तुमच्याकडे किमान दोन वर्ग असणारच, दुसरे सर मीटिंगला तालुक्याला गेले की चारही. एका वर्गाला शिकवताना दुसरा रिकामा राहिला की तो पेटलाच समजा. रिकाम्या वर्गाला "वाचत बसा" म्हणू नका, काही उपयोग नाही. हाताला काम द्या ज्यात शेवट दिसतो: बियांच्या दहाच्या राशी, शब्दपट्ट्या लावणं, चित्र रंगवणं, पाटीवर पाच गणितं आणि मग जोडीदाराची पाटी तपासणं.

मॉनिटर नेमाल तर दर आठवड्याला बदला आणि त्याच्या हातात फळ्यावर नावं लिहायचं काम अजिबात देऊ नका. नाव पुसायला पेरू, बोरं, पेन्सिली अशी लाच सुरू होते आणि मग ते मॉनिटर पोरगंच मोठी डोकेदुखी होतं. त्याला खडू आणणं, पट्ट्या गोळा करणं, पाण्याची बादली बघणं एवढीच कामं.

७. "सर, ह्याने मला मारलं"

दिवसातून तीसेक वेळा ऐकायला येईल. प्रत्येक वेळी कोर्ट भरवलं तर शिकवणं बंद होईल, "जा बस जाग्यावर" म्हटलं तर पोर समजतं इथे दाद नाही आणि मग स्वतःच दगड उचलतं.

आधी बघा लागलंय का. लागलं असेल तर आधी पाणी, आयोडीन, मग बाकी. लागलं नसेल तर दोघांना शेजारी उभं करा, एकमेकांकडे तोंड करून नाही, तुमच्याकडे तोंड करून, आणि एकेकाला बोलू द्या, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. "का मारलं?" विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "त्यानेच आधी" असंच येतं. "काय काय झालं ते पहिल्यापासून सांग" विचारा. बऱ्याच वेळा सांगता सांगताच त्यांचं मिटतं, पोरांचा राग फार टिकत नाही. मग विचारायचं की आता काय करायचं. पेन्सिल तोडली तर आपली द्यायची, सांडलं तर पुसायचं, चिडवलं तर उद्या दिवसभर नीट नावाने हाक मारायची. जबरदस्तीने "सॉरी म्हण, हात मिळव" करू नका, गेटच्या बाहेर त्याचा हिशोब होतो.

साक्षीदार पोरांचा घोळका आधी पांगवा. तोच आग लावत असतो.

८. चूक झालीच तर काय करायचं, काय नाही

चढत्या क्रमाने जा. आधी नुसतं बघणं किंवा जवळ जाऊन उभं राहणं, मग हळू आवाजात नाव, मग जागा बदलणं, मग मधल्या सुट्टीत दोन मिनिटं एकट्याशी बोलणं, मग पालक. एका दिवसात पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीवर उडी मारायची नाही.

करायचं नाही ते स्पष्टच लिहितो कारण हे अजून चालतं. अंगठे धरायला लावणं, कोंबडा, कान पिळणं, उन्हात उभं करणं, वर्गाबाहेर काढणं (बाहेर गेलेलं पोर विहिरीकडे गेलं तर जबाबदारी तुमची), मुतारी साफ करायला लावणं, मुलाला शिक्षा म्हणून मुलींच्यात बसवणं, शंभर वेळा लिहायला लावणं, खेळाचा तास बंद करणं. शेवटचं सगळ्यात उलटं पडतं, जे पोरगं बसू शकत नाही त्यालाच पळायची सर्वात जास्त गरज असते आणि आपण तेच काढून घेतो. आणि सगळ्या वर्गाला एकाच्या चुकीची शिक्षा नको, एकदा करून बघाल तर गरीब स्वभावाची पोरंसुद्धा तुमच्या विरोधात जातील.

चांगलं वागलेलं मात्र लगेच आणि नेमकं बोलून दाखवा. "शाबास, हुशार" म्हणण्यापेक्षा "आज तू छोट्याला आधी पाणी पिऊ दिलंस ते मी बघितलं".

९. तेच ते पोरगं रोज रोज

प्रत्येक वर्गात एक-दोन असतात. आठवडाभर नुसतं लिहा: काय झालं, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं. वेळ लिहिली की पॅटर्न दिसतो. रोज वाचनाच्या तासालाच खोड्या काढतो? मग त्याला वाचता येत नाही. फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याला त्रास देतो? डोळे तपासा. हाक मारली तरी बघत नाही? कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी हे पोर गैरहजर राहणार नाही हे बघा आणि डॉक्टरांना तुमच्या नोंदी दाखवा. काही वेगळं वाटलं तर तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणवाल्या (दिव्यांग मुलांसाठीच्या) विशेष शिक्षकांना बोलवा, स्वतःच "मंद आहे" असा शिक्का मारू नका.

वर्णनात्मक नोंदवहीत "खोडकर आहे, सुधारणा आवश्यक" असं सगळ्यांना एकच वाक्य उतरवायची पद्धत आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून या नोंदी आहेत पण मार्चएंडला एका रात्रीत भरल्या तर त्याला काही अर्थ नाही. "खेळताना हरला की रागावतो, जुलैपेक्षा आता लवकर शांत होतो" असं लिहा, पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला उपयोग होतो आणि पालकांनी विचारलं तर दाखवायला पण.

१०. पालक

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. बाप येतो आणि म्हणतो, "गुरुजी, चामडी लोळवा त्याची, हाडं तेवढी आमची ठेवा, माझी काही तक्रार नाही." मनापासून म्हणतो. पण पालकाने परवानगी दिली म्हणून कलम १७ सुटत नाही, आणि वळ उठला की तोच बाप चार माणसं घेऊन येतो. हसून सांगा, "दादा, मारायचं सोडून बाकी सगळं करतो, तुम्ही फक्त रात्री दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा."

पहिली पालकभेट तक्रार घेऊन करू नका. जुलैतच घरी चक्कर मारा, चहा घ्या, पोराची एक चांगली गोष्ट सांगा. नंतर तक्रार घेऊन जायची वेळ आली तर ऐकून घेतात. शेतीच्या दिवसांत दुपारी कुणी घरी नसतं, संध्याकाळी जा. तक्रार पोरासमोर सांगायचीच नाही, तुम्ही वळलात की पाठीत धपाटे सुरू होतात.

शाळेचे नियम एकदा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात लिहून घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, निम्म्या महिला. पुढे कुणी वाद घातला की त्या बायकाच तुमच्या बाजूने बोलतात, स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

११. हे मात्र स्वतः मिटवायचं नाही

गुटख्याची पुडी दप्तरात सापडली तर पोराला झोडपण्यापेक्षा कुठून आली ते बघा. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, म्हणजे टपरीवाल्याचं काम सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांना घेऊन करायचं. शाळेत एखादे सर स्वतः मळत असतील तर आधी तिथून सुरुवात.

दुसरं, एखादं पोर नको तिथे हात लावल्याचं सांगत असेल, मग ते कुणीही केलेलं असो, गावातला मोठा माणूस असो नाहीतर शाळेतलाच कुणी, तर चौकशी तुम्ही करायची नाही. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, चार जणांसमोर परत सांगायला लावू नका. पॉक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. "गावाची बदनामी होईल, आपापसात मिटवू" म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ नंबर वर्गात पोरांच्या उंचीला लिहून ठेवा. २०२२ पासून शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, कागदावरच आहे का ते विचारा. तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे तेही.

१२. दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून

सुट्टीवरून पोरं येतात ती सगळं विसरून. वैतागू नका, दोन-तीन दिवस स्टेप ४ चा सराव परत घ्या, पाट्या, खंजिरी, चपला सगळं.

ऊसतोडीचा पट्टा असेल तर या वेळी काही पोरं आईबापाबरोबर गेलेली असतात, त्यांना जाताना शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं) दिलंय का बघा, आजी-आजोबांपाशी ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. आणि उलट, तुमच्या गावात वीटभट्टीवर नाहीतर कारखान्यावर आलेली नवीन पोरं मध्येच वर्गात येतील. त्यांना तुमचे पाच नियम माहीत नसतात, पाटी माहीत नसते, बाकीची पोरं हसतात आणि दुसऱ्या दिवशी ती येत नाहीत. अशा पोराला पहिल्याच दिवशी एक जोडीदार द्या जो त्याला नळ, मुतारी, खिचडीची जागा दाखवेल. जोडीदार निवडताना वर्गातलं पहिल्या नंबरचं पोरगं नको, ते आपल्याच नादात असतं. बडबडं द्या.